चॅडविकचा हिशेब

(यंत्रयुग आणि गरिबी : लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात आपण माल्थसपर्यंत आलो होतो. गरिबाला मदत मिळाली की तो लवकर लग्न करतो, पोरे वाढतात, धान्य मात्र त्या वेगाने वाढत नाही. तेव्हा दयेपोटी दिलेली मदत उपासमारच वाढवते, हा त्याचा १७९८ सालचा युक्तिवाद. इंग्लंडातल्या करदात्यांना तो पटायला वेळ लागला नाही, कारण त्यांचे खिसे आधीच दुखत होते.

१६०१ च्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, आपले गरीब पोसायचे आणि खर्च घरा-जमिनीवरच्या पट्टीतून काढायचा. १७९५ मध्ये बर्कशरच्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंडला बसून पावाच्या भावाचा आणि घरातल्या खाणाऱ्या तोंडांचा मेळ घातला व मजुरी तेवढी भरत नसेल तर उरलेले पॅरिशने द्यावे असे ठरवले. हेतू चांगला होता. पण पॅरिश भर घालतेच आहे म्हटल्यावर शेतमालकाने मजुरी वाढवायची कशाला? १८३१-३२ पर्यंत हा खर्च सुमारे ७० लाख पौंडांवर गेला, आणि आळशी ठरला मजूर. मालकाला कोणी आळशी म्हटले नाही.

१८३२ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल लिहिणारे दोघे : अर्थशास्त्रज्ञ नासाऊ सीनियर आणि तत्त्वज्ञ बेन्थमचा एकेकाळचा लेखनिक एडविन चॅडविक. त्यांच्या शिफारशींवर १८३४ चा कायदा झाला. त्याचा कणा एकच : मदतीवर जगणाऱ्याची स्थिती, स्वकष्टाने जगणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा वाईटच असली पाहिजे. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन काम करायला लावणाऱ्या सरकारी घरात, यावे. खरी गरज नसलेला आपोआप बाहेर राहील.

आता अडचण पाहा. बाहेरचा मजूर पाव-बटाट्यावर कसाबसा तगून होता. त्याहून कमी खायला दिले तर वर्कहाऊसमधली माणसे मरणार, आणि सरकारी छपराखाली माणूस उपाशी मेला तर बोभाटा. मग ‘वाईट’ करायचे कसे? नवरा-बायको वेगवेगळ्या भागांत ठेवायचे, मुले आणखी तिसरीकडे. अंगावरचे कपडे काढून घेऊन सगळ्यांना एकसारखे कपडे. तंबाखू बंद. जेवताना बोलायचे नाही. पोटात भाकरी जाईल एवढे पाहून बाकीचे सारे काढून घ्यायचे, हा त्या हिशेबाचा निकाल. हे दुष्टपणाने केलेले नव्हते, हेच मला त्यात जास्त भयंकर वाटते. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडे फोडणारी माणसे त्यांवरचे कुजके मांस आणि आतला मगज खात होती, हे १८४५ मध्ये उघड झाले तेव्हा देश हादरला. म्हणजे पोटाची तेवढी काळजीसुद्धा सगळीकडे घेतली जात नव्हती.

हा विचार आपल्या दारापर्यंत आला. ईस्ट इंडिया कंपनीचे तरुण अधिकारी इंग्लंडातल्या हेलीबरी कॉलेजात शिकत आणि माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत कंपनीच्या या कॉलेजात प्राध्यापक होता. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल त्याच्यानंतरचा, पण तिथलाच विद्यार्थी. आपल्याकडच्या १८७७ च्या दुष्काळात मदतीच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर त्याने आणले, तेव्हा मदतीचे काम कोणाला हवेसे वाटू नये हेच सूत्र त्यामागे होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे त्याविरुद्ध गाऱ्हाणी मांडली.

इंग्लंडात विरोध कोणी केला? आजच्या डाव्या-उजव्याच्या चष्म्यातून बघाल तर गोंधळून जाल. रिचर्ड ओस्टलर हा राजा आणि चर्च यांचा कट्टर भक्त, एका जमीनदाराचा कारभारी. १८३० मध्ये गिरण्यांतल्या पोरांच्या हालांना त्याने ‘यॉर्कशरची गुलामी’ म्हटले, आणि हाच गडी नव्या कायद्याविरुद्ध उभा राहिला. गरिबाला पोसणे हे श्रीमंताचे कर्तव्य, ते मोजदादीने मोडू नका, असे त्याचे म्हणणे. त्याच्या बाजूला जॉन फील्डेन, टॉडमॉर्डेनचा गिरणीमालक. मंदीत गिरण्या बंद पडल्या की कसबी विणकर हजारोंनी एका दिवसात रिकामे होतात. त्यांच्या आळसाची परीक्षा वर्कहाऊसमध्ये घेऊन काय सिद्ध होणार? टॉडमॉर्डेनने चाळीसएक वर्षे वर्कहाऊस उभे राहू दिले नाही. उलट सुधारक म्हणवणारा सीनियर १८३७ मध्ये सांगत होता की गिरणीचा सगळा नफा शेवटच्या तासात असतो, तेव्हा कामाचे तास कमी करू नका.

खुद्द चॅडविकही एका खणात मावत नाही. गिरण्यांवर सरकारी निरीक्षक नेमावेत अशी शिफारस करणाऱ्या १८३३ च्या आयोगात तो होता. १८४२ च्या त्याच्या आरोग्य-अहवालात मँचेस्टरच्या मजूरवर्गातल्या मृत्यूचे सरासरी वय १७ दिले आहे, तर रटलंड या शेतीच्या परगण्यातल्या मजुरांचे ३८. खुद्द मँचेस्टरमधल्या प्रतिष्ठितांचेही ३८च. हिशेब जुनाच होता : कमावता पुरुष घाणीतून येणाऱ्या तापाने गेला की विधवा आणि पोरे पॅरिशच्या गळ्यात पडतात, त्यापेक्षा गटार बांधणे स्वस्त.

एडिंबराचा डॉक्टर विल्यम अ‍ॅलिसन त्याला विचारत होता, की घाणीबरोबर उपासमारही ताप आणत असेल तर? चॅडविक ते मानायला तयार नव्हता. मानले असते तर मजुरी आणि मदत या दोन्हींचा प्रश्न पुन्हा उघडावा लागला असता, आणि १८३४ चे आपलेच काम खोडावे लागले असते. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पाणी आले, गटारे आली. भाकरीबद्दल त्यात काही नव्हते.

दहा तासांचा कायदा फील्डेनने १८४७ मध्ये पार्लमेंटात कसा पार पाडला आणि गिरणीमालकांनी त्याला कशा पळवाटा शोधल्या, ते पुढच्या लेखांकात.