गॅरेजात विमान कसं उभं राहतं

पहिली पेटी आली ती आम्ही दोघांनी सहज उचलून गॅरेजात आणली. आत विमानाची शेपटी होती, म्हणजे कागदात गुंडाळलेले पत्रे, वाकवलेल्या रिब, स्पारच्या पट्ट्या आणि छोट्या पिशव्यांत भरलेले हजारो रिव्हेट. पहिले दोन दिवस मी हातात यादी घेऊन फक्त मोजदाद केली. विमान बांधायची सुरुवात अशीच होते.

पिंपरीच्या एका टूलरूममध्ये मी काम शिकलो, पुढे अमेरिकेत ओहायोला आलो आणि पासष्टाव्या वर्षी निवृत्त झालो. खासगी पायलटचं लायसन्स आधीपासून होतं. पुण्याला गेलो की एकच प्रश्न येतो, "घरी बांधलेल्या विमानाला सरकार उडू कसं देतं?" तेव्हा तिथूनच सांगतो.

अमेरिकेच्या नियमांत 'एक्सपेरिमेंटल' नावाचा विमानांचा एक वर्ग आहे आणि त्यात हौशी बांधणाऱ्यांसाठी वेगळी जागा आहे. मुख्य अट अशी, की विमान घडवण्या-जोडण्याचं अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसांनी, केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असावं. सगळे याला '51 टक्क्यांचा नियम' म्हणतात. हे टक्के पैशांचे नाहीत आणि तासांचेही नाहीत. कामांची एक लांबलचक यादी असते, त्यातली किती कामं हौशी हातांनी झाली ते पाहतात. पैसे देऊन करून घेतलेलं काम तुमच्या बाजूला धरत नाहीत. हौसेने मदतीला आलेल्या मित्राचं चालतं. म्हणून रोजच्या कामाची वही ठेवायची आणि फोटो काढायचे. त्यात हात दिसले पाहिजेत, फक्त तयार भाग नव्हे.

आपल्याकडे घरी बांधलेलं विमान म्हटलं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. 2016 साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिलं आणि 2017 मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली. पण त्यांचं काम आणि माझं काम एका पंक्तीत बसवू नये. त्यांनी आराखड्यापासून सुरुवात केली. किट घेणाऱ्याला आराखडा तयार मिळतो, आधी हजारो जणांनी उडवून पारखलेला. त्याच्याकडे उरतं ते हाताचं काम.

मी घेतलं ते ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-9ए. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी 1973 साली ही कंपनी काढली आणि त्यांची दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. 9ए मध्ये दोघं शेजारी-शेजारी बसतात. नावातला 'ए' म्हणजे पुढे नाकाखाली चाक. या विमानाने कसरती करायच्या नसतात. पंख लांब आणि शांत स्वभावाचे, उतरताना वेग कमी लागतो. साठी ओलांडलेल्या पायलटने यावर विचार करावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. जास्त चपळ विमान घेऊन नंतर त्याला घाबरत राहण्यात काही अर्थ नाही.

किट चार टप्प्यांत विकत घेता येतं: शेपटी, पंख, मधला सांगाडा आणि शेवटची जुळणी. शेपटी आधी घ्यायची. ती सर्वांत स्वस्त, आणि पुढे लागणारं जवळजवळ प्रत्येक कसब तिथे शिकून होतं. दोन-तीन महिन्यांत कळतं, की हे काम आपल्याला आवडतं का. नाही आवडलं तर तिथेच थांबावं, त्यात कमीपणा नाही. इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणं मिळून किटपेक्षा जास्त खर्च होतो, हे मात्र पहिल्या दिवशी कागदावर मांडून घरच्यांना दाखवावं.

आता खरं काम. शेपटीच्या हलत्या भागांचा, रडर आणि एलिव्हेटरचा, पत्रा जेमतेम 0.4 मिलिमीटर जाड असतो. भोकं कारखान्यातून पाडून येतात, त्यामुळे मोठ्या जिगशिवाय भाग आपोआप सरळ जुळतात. पण जुळले म्हणजे झालं असं नाही. पत्रा रिबवर ठेवायचा आणि भोकाभोकांत क्लिको लावायचे. क्लिको म्हणजे बोटाच्या पेराएवढी स्प्रिंगची तात्पुरती पकड. ती खास पक्कडीने दाबून भोकात सोडायची. बारीक भोकाला चंदेरी, त्याहून मोठ्याला तांब्याच्या रंगाची. सगळं घट्ट बसलं की प्रत्येक भोकातून शेवटच्या मापाचं ड्रिल फिरवायचं.

आणि मग सगळं सोडायचं. नवखा माणूस इथे हिरमुसतो. आत्ताच तर एलिव्हेटर एलिव्हेटरसारखा दिसायला लागला होता! पण ड्रिल फिरलं की भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कोर, उठतो. तो राहिला तर दोन पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि रिव्हेट मधल्या फटीत फुगतो. पत्र्याची कापलेली कडही बोटाला रेशमासारखी लागेपर्यंत कानस आणि बारीक पॉलिश पेपरने घासावी लागते. कारण विमानाचा पत्रा इंजिन सुरू असेपर्यंत थरथरत असतो. कडेवर राहिलेला एक बारीक ओरखडा पुढे भेगेचं तोंड होतो. टूलरूममध्ये बर काढायचं काम नव्या पोराला देत. इथे मी तेच काम शेकडो तास केलं आणि एकदाही ते हलकं वाटलं नाही.

बर काढल्यावर प्रत्येक भोकाला डायने दाबून 100 अंशांची छोटी वाटी पाडतात, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसतं आणि वारा अडत नाही. मग भाग स्वच्छ पुसून आतून प्रायमर मारायचा, वाळवायचा, पुन्हा क्लिको लावून जोडायचे. म्हणजे प्रत्येक भाग निदान दोनदा जोडला जातो. रिव्हेट मारायची वेळ येते ती यानंतर.

बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हवेची गन आणि आतून त्याच्या शेपटावर डॉली, म्हणजे मुठीत मावणारा पोलादाचा किंवा टंगस्टनचा जड ठोकळा. गन धडधडते आणि शेपूट डॉलीवर चेपून त्याची टिकली होते. मूळ रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच झाली की टिकली बरोबर. म्हणजे 2.4 मिलिमीटरच्या रिव्हेटची टिकली साधारण 3.6 रुंद आणि 1.2 उंच. कमी चेपली तर पकड कमी, जास्त ठोकली तर पत्रा ताणला जातो आणि टिकलीही चिरू शकते. जिथे दोन माणसं लागतात तिथे माझी बायको गन धरायची आणि मी आत हात घालून डॉली. तीन-चार आठवड्यांत तिचा कान तयार झाला. कानावर आवाज अडवणारी मफं असूनही ती थांबायची, म्हणायची, "अहो, आता वेगळा आवाज आला. डॉली तिरकी झाली का बघा." बहुतेक वेळा झालेली असायची.

तिरका बसलेला रिव्हेट काढणं हे वेगळं कसब आहे. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करायची, रिव्हेटच्या मापाचं ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीएवढंच आत न्यायचं, पंच तिरपा करून डोकं तोडायचं आणि मागून आधार देऊन दांडा बाहेर ढकलायचा. ड्रिल जरा सरकलं की भोक लांबट होतं. त्यासाठी डोकं लहान पण दांडा जाड असा रिव्हेट मिळतो. बांधणारे त्याला 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात. डाव्या एलिव्हेटरवर मी एका संध्याकाळी ओळीने चार रिव्हेट काढले. चारही थोडेसेच कमी चेपलेले होते, पण मला ते सोडवेनात. दमलेलो होतो. दोन भोकं इतकी बिघडली की पत्रा नव्याने मागवावा लागला. तेव्हापासून गॅरेजात एक नियम केला, की संध्याकाळी दिसलेला दोष सकाळी काढायचा. सकाळी पाहिल्यावर निम्मे रिव्हेट मापाने चालण्याजोगे निघतात, आणि जो खरंच वाईट आहे तो स्थिर हाताने निघतो. अख्ख्या विमानात दहा हजारांहून जास्त रिव्हेट असतात. ही बांधणी त्या हिशेबानेच करायची असते.

पंखांमधली पेट्रोलची टाकी हा एकच भाग असा होता, की ज्याचं मला मनापासून दडपण आलं. 9ए मध्ये पंखाची पुढची कड हीच टाकी असते, दोन्हीकडच्या मिळून साधारण 136 लिटरच्या. प्रत्येक जोड काळ्या, चिकट, दोन भाग मिसळायच्या सीलंटमध्ये बुडवून बसवायचा. सीलंट वजन करून मिसळतात आणि मिसळल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. एका वेळी जेवढं काम उरकेल तेवढंच कालवायचं. उग्र वास येतो, हातमोजे दर दहा मिनिटांनी बदलावे लागतात. प्रत्येक टिकलीवर आतून सीलंटचा एक गोळा चढवायचा, एकही सोडायची नाही. वाळल्यावर टाकीची तोंडं बंद करून एका नळीला फुगा बांधतात, थोडी हवा भरतात आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे शोधतात. रात्री फुगा मऊ पडला म्हणून माझ्या पोटात गोळा आला. सकाळी ऊन चढलं आणि फुगा पुन्हा ताठ. गारठ्याने आतली हवा आकसली होती, गळती नव्हतीच.

सांगाडा आणि पंख यांचं काम नंतर वेगाने सरकलं. नवं शिकण्यासारखं थोडं, हात चालवण्यासारखं पुष्कळ. कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण कापायचा दिवस मात्र लक्षात ठेवावा. ते ॲक्रिलिक थंडीत ठिसूळ होतं आणि एका झटक्यात भेग पूर्ण आरपार जाते. आम्ही ते उन्हाळ्यापर्यंत तसंच ठेवलं आणि जुलैच्या दुपारी गॅरेजचं दार लावून कापलं. याच जुलै महिन्याच्या शेवटी विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला हौशी विमानवाल्यांचा मोठा मेळा भरतो. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली मिलवॉकीत सुरू केलेली ईएए ही संस्था 1970 पासून तो तिथे भरवते आणि तिथल्या तंबूत कुणालाही रिव्हेट मारायला शिकवतात. याच संस्थेचे अनुभवी स्वयंसेवक बोलावलं की घरी येऊन काम तपासतात, एक पैसाही घेत नाहीत. मी तीनदा बोलावलं. दुसऱ्याची नजर फिरल्याशिवाय पत्रा बंद करू नये.

वयाबद्दलही सांगायला हवं. दीड ते दोन हजार तास लागतात, रोज तीन-चार तास धरले तर सलग एक ते दोन वर्षं, प्रत्यक्षात चार-पाच. डोळे, खांदे, मनगट यांना तेवढं पेलवेल का ते डॉक्टरांना विचारावं. उडण्यासाठी 2017 पासून 'बेसिकमेड' ही सोय आहे. अटी पूर्ण करणाऱ्याला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून दर चार वर्षांनी तपासणी आणि दर दोन वर्षांनी एक पाठ पुरतो. अर्धवट राहिलेली किटं विकायला निघालेली मी पुष्कळ पाहिली. त्यांच्या वह्या चाळल्या की बहुतेकांचं काम मोठ्या सुट्ट्यांमध्ये अडकलेलं दिसतं. रोज एक तास गॅरेजात गेलेला माणूस टिकतो.

इंजिन बसवून, तारा ओढून झाल्या की विमान तीन तराजूंवर चढवतात, एका चाकाखाली एक. त्यावरून गुरुत्वमध्य काढतात. तो ठरलेल्या सीमेत नसेल तर पुढचं काहीच करायचं नाही. पेट्रोलचा प्रवाहही मोजतात. पंपाचं विमान असेल तर इंजिनाला पूर्ण ताकदीवर लागेल त्याच्या सव्वापट तरी यायला हवा. मग सरकारचा किंवा सरकारने नेमलेला तपासनीस येतो, वही पाहतो, विमान पाहतो. दाराजवळ मोठ्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' लिहिलेलं लागतं आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी सूचना, की हे विमान कारखान्यातल्या विमानांच्या सुरक्षा नियमांनुसार बनलेलं नाही. ती पाटी लावताना मी तिच्याकडे बराच वेळ पाहत होतो. ती खरी आहे आणि असायलाच हवी.

पहिल्या उड्डाणाआधी त्याच जातीच्या विमानात शिक्षकाबरोबर तास करावेत. मी आठ केले. पहिल्या दिवशी प्रवासी नाही, वारा नाही, गर्दी नाही. वर गेल्यावर धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालायच्या. नव्या इंजिनाला जपून चालवायचं नसतं, उलट जोरातच ठेवायचं, नाहीतर सिलिंडरमध्ये रिंगा नीट बसत नाहीत. यानंतर चाचणीचे तास, प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर साधारण 25 आणि नसेल तर 40, ठरवून दिलेल्या भागातच. माझे 25 होते. ते पूर्ण झाले त्या शनिवारी बायको शेजारी बसली. तिने आधी डाव्या पंखाकडे पाहिलं. तिथली गनची सगळी ओळ तिच्या हातची आहे.

मुख्य बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचा परवानाही मिळू शकतो, आणि मी तो घेतला. दर बारा महिन्यांनी झाकणं उघडायची, आरसा आणि टॉर्च घेऊन आत डोकवायचं. दुसऱ्या वर्षी डाव्या टाकीखाली एक फिकट निळा डाग दिसला. आमचं पेट्रोल निळ्या रंगाचं असतं, त्यामुळे गळती लपत नाही. एका रिव्हेटशी तो डाग सुरू होत होता. टाकी रिकामी केली, बुडाकडचं झाकण उघडलं, आरशात पाहिलं. एका टिकलीवर सीलंटचा गोळा अर्धवट चढलेला होता. नशिबाने ती पहिल्याच कप्प्यात होती, तिथवर हात पोचला. जुना गोळा खरवडला, जागा पुसून कोरडी केली, नवा सीलंट चढवला. वाळल्यावर बायकोने नळीला फुगा बांधला आणि या वेळी आम्ही तो ऊन येईपर्यंत पाहिलाच नाही.