आजोबांचा फोटो आणि स्वस्त शाई

भंडारा, तुमसर, पवनीकडच्या घरांतही आता शाईच्या टाकीचे प्रिंटर दिसतात. मुलांचा गृहपाठ, अर्ज, घरचे फोटो सारे त्यावरच निघते. शाई संपली की प्रश्न पडतो : कंपनीची घ्यावी की दुसरी स्वस्त?

शाळेच्या कागदांना स्वस्त शाई चालते. फक्त ती आपल्याच मॉडेलची हवी. भलतीच ओतली तर प्रिंटरची बारीक छिद्रे बुजतात, आणि अशा बिघाडाची दुरुस्ती वॉरंटीत नाकारली जाऊ शकते.

फोटोचे तसे नाही. कंपनीची शाई आणि तिचा फोटो-कागद एकमेकांना जुळवलेले असतात. अनोळखी शाई पहिल्या दिवशी झकास दिसते. ऊन आणि हवा लागून तिचा रंग लवकर उडू शकतो. खात्री करायची तर एकाच फोटोच्या दोन प्रती काढा. एक खिडकीत, एक वहीत ठेवा. महिन्याने शेजारी धरून पाहा.

आणि वाचकहो, आजोबांचा एकुलता जुना फोटो भिंतीवर लावू नका. त्याची प्रत काढा, २४ तास वाळवा, काचेत बसवून उन्हापासून दूर लावा. मूळ फोटो कोरड्या पेटीत जपा. शाई पुन्हा विकत मिळते. तो चेहरा मिळत नाही.