ऐकू येते, पण समजत नाही

ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी लोक हमखास ओरडून बोलतात. हेतू चांगला असतो, पण उपयोग फारसा होत नाही. कारण आमच्यापैकी बहुतेकांना आवाज येतो, शब्द मात्र कळत नाही.

अकोल्याच्या जुने शहर भागात माझे किराणा दुकान आहे. त्याआधी १४ वर्षे मी जिनिंग फॅक्टरीत होतो. यंत्रांची ती घरघर आणि पुढे वाढते वय, दोहोंनी मिळून माझे कान कमजोर केले. गिऱ्हाईक 'साठ' म्हणाले की मला 'आठ' ऐकू यायचे.

यामागचे शास्त्र सोपे आहे. प्रत्येक आंतरकर्णात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात. 'आ', 'ओ' हे स्वर जोरकस असतात. 'स', 'श', 'फ' ही व्यंजने उंच पट्टीतली आणि नाजूक. म्हणून 'साठ'मधला 'स' गळतो आणि 'आठ' उरतो. ओरडले तर 'आ' तेवढा मोठा होतो. त्यापेक्षा समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोललेले आम्हांला अधिक कळते.

धंद्यात याची किंमत मोजावी लागते. दोन-तीनदा "काय म्हणता?" विचारले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे वळते. "काकाजी, ऐकू येऊन नाही राह्यलं काय?" असे कुणी म्हटले की हसून साजरे करावे लागते. मग माणूस गल्ल्यावर मुलाला बसवतो, लग्नकार्यात कोपरा धरतो. कान जातात ते जातातच, पाठोपाठ माणसेही दूर जातात.

यावर उपाय आहे. १९९६ च्या सुमारास पूर्ण डिजिटल श्रवणयंत्रे बाजारात आली. त्यातला मायक्रोफोन आवाज पकडतो, चिप त्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि ज्या पट्टीत कान कमी पडतो तीच पट्टी अधिक वाढवते. म्हणूनच आधी श्रवणचाचणी हवी. तिचा आलेख पाहून तज्ज्ञ यंत्र जुळवतात. दुसऱ्याचे यंत्र लावणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखेच.

मात्र चष्मा लावताच दिसते तसे इथे होत नाही. पहिले काही दिवस पंखा, कागदाची पुडी, धान्य ओतण्याचा आवाज, सारेच अंगावर येते. मेंदूला या आवाजांची सवय सुटलेली असते. ती परत यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. अनेकांचे यंत्र याच काळात कपाटात जाते. रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेला, तज्ज्ञांकडून पुन्हा जुळवून घेतले, तर जम बसतो.

यंत्रालाही मर्यादा आहेत. गर्दीत समोरचा आवाज वेगळा काढायला दोन मायक्रोफोन असतात, पण ते प्रामुख्याने समोरचे टिपतात. माझ्या दुकानात गिऱ्हाईक समोर आणि त्याच्या मागे रस्ता! भोंगेही समोरूनच येत. मी बैठक फिरवली. आता रस्ता माझ्या पाठीशी आणि उजेड गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर. भाव पाटीवर लिहितो, रक्कम एकदा बोलून पक्की करतो. एवढ्याने व्यवहार सुरळीत झाला.

निगाही राखावी लागते. पावसाळ्यात रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवावे. यंत्र शिटी मारू लागले तर कानातला साचा सैल झाला आहे का, मळ साचला आहे का, ते पाहावे. बारीक गोल बॅटरीवरचा कागद काढला की हवा लागून ती सुरू होते, म्हणून गरज असेल तेव्हाच काढावा.

किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत आहेत. आपल्याकडे शासकीय सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. सुरुवात तिथून करता येते. केंद्राच्या एडिप योजनेत अपंगत्व आणि उत्पन्नाच्या अटींत बसणाऱ्यांना यंत्र मिळू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेल्यांचाही समावेश आहे आणि सरकारी नोकरीत कर्णबधिरांसाठी राखीव जागा आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत सुमारे अडीचशे कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असेल. त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा आहे. जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये राबणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे लेकरांना उभे करू नये. आणि घरात कुणी वारंवार "काय?" विचारत असेल, टीव्ही मोठा लावत असेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याचे कान तपासून आणा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)