वीस अंश अक्षांशावरची चव : नाशिकच्या एका वाइनरीतील पेले

वाइनसाठी द्राक्षे पिकवणारे जगातील बहुतेक नामांकित प्रदेश विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 30 ते 50 अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. नाशिक मात्र 20 उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. युरोपात कडाक्याच्या थंडीत द्राक्षवेल सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि हवा गार होत जाताना तिचे घड पिकतात. नाशिकला वेलीला झोप लागावी इतकी थंडी पडत नाही, त्यामुळे तिच्याकडून वर्षाला एकच पीक घेण्यासाठी बागायतदार तिची दोनदा छाटणी करतो: एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गोडी छाटणी फळासाठी. त्यानंतर साधारण चार-पाच महिन्यांनी, म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात, खुडा होतो. म्हणजेच युरोपातील घड उन्हाकडून थंडीकडे जाताना पिकतो आणि नाशिकचा घड थंडीकडून उन्हाकडे जाताना. नाशिकच्या कोणत्याही वाइनची चव समजून घेण्याची किल्ली या उलट्या दिनदर्शिकेत आहे, आणि एकाच वाइनरीच्या सगळ्या वाइन ओळीने चाखल्या तर ही गोष्ट जितकी स्पष्ट होते तितकी एखाद्या सुट्या बाटलीतून कधीच होत नाही.

अशा चाखणीसाठी गंगापूर धरणाच्या परिसरातील ‘सुला’ ही वाइनरी सोयीची ठरते, कारण तिची मालिका मोठी आहे आणि फेसाळ वाइनपासून मिष्टान्नाबरोबरच्या गोड वाइनपर्यंत सर्व प्रकार तिच्याकडे होतात. भारतीय वाइनचा आरंभ तिच्यापासून झाला असे मात्र नव्हे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावला ‘शातो इंडाज’ने 1980 च्या दशकातच फेसाळ वाइन तयार करून ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली होती. स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकून भारतात परतलेल्या राजीव सामंत यांनी केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञाच्या सल्ल्याने 1997 मध्ये शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन फ्रेंच जाती लावल्या, 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली आणि 2005 मध्ये वाइनरीतच चाखणीचे दालन उघडले. आईच्या ‘सुलभा’ या नावावरून त्यांनी वाइनरीचे नाव ठेवले. 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, आणि थॉम्सन सीडलेस या खाण्याच्या द्राक्षावर पोसलेल्या या जिल्ह्यात वाइनच्या जातींना खऱ्या अर्थाने जागा मिळाली. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, बिनबियांचा व पातळ सालीचा असावा लागतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी मात्र लहान, जाड सालीचा व बियांचा असतो, कारण रंग आणि सुगंधाचा मोठा वाटा सालीत असतो. रंगरूपावर भाव ठरण्याची सवय असलेल्या बागायतदाराला अशा बारीक मण्यांच्या बागेवर विश्वास ठेवणे सोपे नव्हते.

चाखणीचा क्रम हलक्याकडून जडाकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे असा असतो. कोरडी वाइन म्हणजे जिच्यातील जवळपास सर्व साखरेचे यीस्टने अल्कोहोल केले आहे अशी वाइन. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते, म्हणून घडात साखर किती भरली यावर वाइनचा कडकपणा ठरतो. पेल्यात थोडीच वाइन घेऊन आधी रंग पाहावा, पेला गोल फिरवून वास घ्यावा आणि मग घोट जिभेवर घोळवावा. सात-आठ पेले चाखणारा जाणकार घोट थुंकतो, आणि त्यात काही वावगे नाही. पांढरी वाइन 8 ते 12 अंश सेल्सिअसला द्यावी. तांबडी खोलीच्या तापमानाला द्यावी असे जे सांगितले जाते ते युरोपातील गार खोल्यांना लागू आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये तीही 16 ते 18 अंशांपर्यंत थंड केलीच पाहिजे, नाहीतर केवळ अल्कोहोलची वाफ नाकात जाते.

पहिला पेला ‘ब्रूट’ या कोरड्या फेसाळ वाइनचा. ती शँपेनच्या पारंपरिक पद्धतीने होते, म्हणजे तयार वाइन बाटलीत भरून तिच्यात साखर व यीस्ट घालतात आणि बंद बाटलीतच दुसरे किण्वन घडवतात, ज्यातून निघालेला वायू वाइनमध्येच विरघळून राहतो. अशा वाइनला आंबटपणा टिकवून लवकर खुडलेली द्राक्षे लागतात. उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच, कधीकधी पारा दहा अंशांखाली उतरणाऱ्या रात्रींच्या काळात, घड हाती येण्याची सोय नाशिकला आहे, आणि या पेल्यातील धारदारपणा त्या रात्रींचाच आहे.

त्यानंतरच्या दोन पांढऱ्या वाइनपाशी थोडे थांबायला हवे. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो. तो पायराझिन या संयुगांचा असतो आणि घडावर ऊन वाढले की ती संयुगे घटत जातात. म्हणून या जातीत खुड्याला उशीर परवडत नाही, आणि बाटलीही ताजी असतानाच संपवावी. शेनिन ब्लाँची गोष्ट वेगळी आहे. फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातील ही जात दक्षिण आफ्रिकेच्या उन्हात ‘स्टीन’ या नावाने रुजली, कारण उष्णतेतही तिची आम्लता सहजासहजी ढळत नाही. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. त्यांपैकी मॅलिक आम्ल उष्णतेत वेल स्वतःच खर्च करते आणि टार्टारिक आम्ल बरेचसे टिकून राहते. ज्या जातीत एकूण आम्लताच भरपूर, तिच्याकडे हा खर्च सोसूनही शिल्लक राहते. ‘सुला’ची शेनिन किंचित गोड ठेवलेली असते, पेरू आणि अननसाचा सुगंध तिला असतो, आणि त्या गोडव्यामागे आंबटपणा सरळ उभा राहतो. तिला नवशिक्यांची वाइन समजून बाजूला सारणे हा तिच्यावर अन्याय आहे.

झिनफँडेलची गुलाबी आणि तांबडी ही दोन्ही रूपे सुखद आहेत, परंतु या जातीच्या एकाच घडात काही मणी हिरवे तर काही मनुकांसारखे सुकलेले असतात, म्हणून तिच्यात जॅमसारखा गोडसर वास सहज शिरतो. शिराझला मात्र वाइनरीने मान दिला आहे. ही जात इराणमधील शिराझ शहरातून आली ही दंतकथा 1990 च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीने खोटी ठरवली; तिचे दोन्ही जनक फ्रान्समधलेच निघाले. ‘दिंडोरी रिझर्व्ह’ शिराझ ओकच्या पिंपात मुरवली जाते आणि ‘रसा’ ही तिच्याही वरची पायरी आहे. मिरी, काळे जांभळे फळ आणि ओकने दिलेला व्हॅनिलासारखा वास यांनी या वाइन समृद्ध वाटतात, तरीही काही वर्षांच्या बाटलीत ओक पुढे आणि फळ मागे पडते, आणि तेथे जमिनीपेक्षा पिंपाचेच बोलणे अधिक ऐकू येते.

शेवटचा पेला ‘लेट हार्वेस्ट’चा. शेनिनचेच घड वेलीवर अधिक काळ ठेवतात, मण्यांतील पाणी उडून साखर व आम्ल दोन्ही घट्ट होतात, आणि मधासारखी गोड असूनही जीभ चिकट न करणारी वाइन तयार होते. जेवणाचा विचार केला तर, तांबड्या वाइनमधील टॅनिन, म्हणजे कच्च्या केळ्यासारखा तुरटपणा देणारी द्रव्ये, तिखटाची आग वाढवतात. गोडसर शेनिन ती शमवते. काळा मसाला आणि लाल मिरचीच्या जेवणाशी नाशिकची कोणती वाइन जुळेल, याचे उत्तर त्यातच आहे. सगळे पेले रिकामे झाल्यावर निर्णय द्यायचा तर तो असा की, या भूमीची ओळख प्रतिष्ठेच्या तांबड्या वाइनपेक्षा शेनिन ब्लाँमध्ये अधिक खरी उतरली आहे.

प्रदेशाच्या नावाने वाइन ओळखण्याची रीत जुनीच आहे: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार जिथे ते तयार होई त्या प्रदेशांच्या नावांवरून ओळखले आहेत. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि दिंडोरी तालुक्याचे नाव बाटलीवर आले आहे; आता नाशिकच्या सर्वच वाइनरींनी शेनिनच्या प्रत्येक बाटलीवर द्राक्षे ज्या गावात पिकली त्याचे नाव आणि खुड्याचा महिना छापावा.