शेततळ्यासाठी फ्लाय रॉड

पाणी छोटं, म्हणून काठीही छोटी घ्या, हा सल्ला फ्लाय रॉड, म्हणजे पिसांची खोटी माशी फेकायची काठी, विकत घेणाऱ्याला हमखास मिळतो. झाडीतून वाहणाऱ्या ओढ्यांसाठी तो खराही आहे, कारण फांद्यांखाली सात फुटी काठी बरी फिरते. पण लोणी भापकर, मोरगाव, सुपे या बारामतीच्या जिरायती पट्ट्यात छोटं साचलेलं पाणी म्हणजे बहुतेक वेळा शेततळं, आणि तिथे हा सल्ला चुकतो. शेततळ्यावर काठी लांब आणि मऊ हवी, दोरी मधल्या वजनाची हवी. याचं कारण माशांपेक्षा तळ्याच्या बांधणीत जास्त आहे.

मासा कोणता, हे आधी उरकून टाकू. ज्याच्यासाठी ही काठी घडली तो ट्राउट थंड पाण्यातला. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीत टिकला. आपल्या पठारावर उन्हाळ्यात तापणाऱ्या तळ्यात तो जगणार नाही. इथे असतात कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी. मृगळ तळाशी चरतो. कटला वरच्या थरात फिरतो, पण त्याचं पोट भरतं पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर. पिसांच्या खोट्या माशीवर झडप घालेल असा भरवशाचा गडी एकच, चिलापी. उजनीच्या फुगवट्यात इंदापूरकरांना तो नको इतका भेटतो. अर्धा-पाऊण किलोचा हा मासा आवरायला काही दांडगी काठी लागत नाही.

आता तळं पाहू. 2016 साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतला सगळ्यात मोठा आकार 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर असा होता. म्हणजे भरल्या तळ्यात काठापासून मध्य 15 मीटरवर, साधारण पन्नास फुटांवर. नऊ फुटांची काठी, तिच्याबाहेर तीस फूट दोरी आणि टोकाला नऊ फूट बारीक तंगूस, एवढ्यात माशी जवळजवळ मध्यावर पडते. लांब फेकीची हौस इथे निरुपयोगी. पण पाणी खाली गेलं की वेगळीच अडचण उभी राहते. उतार एकास एक धरला आणि पाणी दीड मीटरनं उतरलं, तर बांधावरचा माणूस आणि पाणी यांच्यामध्ये दोन मीटरहून जास्त लांबीचा, अस्तराचा उघडा प्लॅस्टिकचा कागद येतो. आखूड काठीनं दोरी ओढताना गळ त्या कागदावरून घासत वर येतो, आणि अस्तराला एक भोक पडलं तरी विकतच्या टँकरचं पाणी जमिनीत जिरायला लागतं. काठी नऊ-दहा फुटांची असली तर तिचं टोक कागदाच्या पुढे, पाण्यावर राहतं आणि मासा अधांतरी उचलता येतो. शिवाय पाठीमागे तारेचं कुंपण असतं. दोरी मागे झोकली की कुंपणात अडकलीच म्हणून समजा. ती मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे उलगडायची, तर त्यालाही लांब काठीच सोयीची.

दोरीच्या वजनाचा आकडा मुठीच्या वर काठीवरच लिहिलेला असतो. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन त्यातून कळतं. 5 नंबरला ते साधारण 9 ग्रॅम, 3 नंबरला साडेसहा. चिलापीला 3 नंबर पुरेल, असा आक्षेप येईल. पुरेल, पण वारा नसेल तर. जून ते ऑगस्ट या उघड्या माळावर पश्चिमेचा वारा हलकी दोरी हवेतच परतवतो, म्हणून 5. मग 7 का नको? इतकी जड दोरी लहान तळ्यात आपटली की काठालगतचे मासे तळ गाठतात. किलो-दोन किलोचा रोहू चुकून लागलाच, तर झटका मऊ काठीच्या वाकण्यात जिरतो. ताठ काठी असेल तर तो थेट बारीक तंगुसावर येतो आणि तंगूस तुटतो.

गावातली पोरं बांबूची काठी, बुचाचा तरंगा आणि कणकेच्या गोळीवर याहून जास्त मासे काढतात, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. खायला मासे हवे असतील तर तीच काठी घ्या, नाहीतर सरळ जाळं टाका. फ्लाय रॉडचा फायदा एकाच वेळी: सकाळ-संध्याकाळ मासे तळ्याच्या मध्यावर, वरच्या थरात उठत असताना. तिथे बांबूची काठी पोचत नाही, आणि शिशाचं वजन लावून फेकलेला गळ थेट कागदावर जाऊन बसतो.

दुकानात काठी नुसती हलवून काही कळत नाही. तिच्या नंबरची दोरी ओवून, वीस-तीस फूट बाहेर सोडून, मोकळ्या जागेत फेकून बघा. तेवढ्या दोरीनं काठी मध्यापर्यंत वाकली तर ती शेततळ्याची. फक्त टोकच हललं तर ती मोठ्या धरणासाठी ठेवा. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, म्हणून मासा सुटला तरी उतारावर उतरू नका. आणि आधी मालकाला विचारा. मासे त्याचे आहेत, कागदही त्याचाच.