कुठे वाजू नये, ते आधी ठरवा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो, इंटिरियरचं काम सुरू होतं आणि फॉल्स सीलिंगची चौकट चढायच्या सुमारास घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘छत उघडंच आहे, तर स्पीकरही टाकून घेऊ या.’ चार दिवसांत कोटेशन येतं. नकाशावर प्रत्येक खोलीत गोल काढलेले असतात. हॉलमध्ये चार, तिन्ही बेडरूममध्ये दोन-दोन, स्वयंपाकघरात दोन, बाल्कनीतही दोन. एक ॲम्प्लिफायर, एक ॲप, की झालं!

हे ‘झालं’ फसवं असतं. घरात माणसं राहतात आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत. आजोबांना सकाळी सहाला भीमसेन जोशींचे अभंग हवे असतात, तेव्हा रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर बसलेला नातू गाढ झोपेत असतो. दहावीची मुलगी अभ्यासाला बसली की हॉलमधल्या पाहुण्यांचं संगीत तिला नकोसं होतं. म्हणून नियोजनाची सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. घराच्या नकाशावर आधी फुल्या मारा. जिथे कधीच काही वाजू नये अशा जागा पहिल्यांदा ठरल्या की उरलेलं काम सोपं होतं. अभ्यासाची खोली आणि वडीलधाऱ्यांची झोपायची खोली माझ्या यादीत पहिल्या दोन. तिथे तार टाकून ठेवायला हरकत नाही, पण छताला भोक पाडायची घाई नको.

मग झोन. ज्या भागाचा आवाज स्वतंत्रपणे वाढवता, उतरवता, बंद करता येतो तो एक झोन. त्याला चारी बाजूंनी भिंती हव्यातच असं नाही. हल्ली हॉल, डायनिंग आणि स्वयंपाकघर एकमेकांत उघडतात. तिथे तीन वेगळी गाणी वाजवायची सोय करणं म्हणजे पैसे खर्च करून गोंगाट विकत घेणं, कारण एकाचा आवाज दुसऱ्यात जाणारच. गाणं एकच असू द्या, पण स्वयंपाकघराचा आवाज मात्र वेगळा हातात ठेवा. चिमणी सुरू असते, मिक्सर फिरतो, कुकरच्या शिट्ट्या होतात. तिथे हॉलपेक्षा चढा आवाज लागतो आणि काम संपलं की लगेच उतरवावाही लागतो. बेडरूमला मात्र गाणंही वेगळं हवं आणि आवाजही. ही दोन प्रकारची स्वातंत्र्यं आहेत आणि दुसरं पहिल्यापेक्षा बरंच महाग पडतं. कुठल्या जागेला कुठलं हवं, हे दुकानात जाण्याआधी घरातच ठरलेलं बरं.

एकाच ॲम्प्लिफायरवर सगळं लटकवायचा मोह इथेच आवरावा लागतो. घरगुती सीलिंग स्पीकर साधारण 8 ओहमचे असतात. दोन समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला 4 ओहम दिसतात, चार जोडले की 2. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर 4 ओहमपर्यंत तग धरतात. त्याखाली गेलं की तापतात आणि नेमके पाहुणे आलेले असताना स्वतःला बंद करून घेतात. बंगला असेल आणि तार बागेपर्यंत जाणार असेल, तर रेल्वे स्थानकांवर आणि शाळांत असते तशी 100 व्होल्ट लाइनची पद्धत बरी. तिथे प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि ओहमचं गणित करावं लागत नाही. फ्लॅटला तिची गरज नाही.

आता गोल काढायचे कुठे? 22 फूट लांब, 11 फूट रुंद हॉल-डायनिंग घ्या. स्लॅबखाली सहा इंच सोडून फॉल्स सीलिंग जमिनीपासून नऊ फुटांवर आलं. सोफ्यावर बसलेल्याचे कान साडेतीन फुटांवर. मधलं अंतर साडेपाच फूट. स्पीकरमधून 90 अंशांचा शंकू खाली सुटतो असं धरलं, तर कानाच्या पातळीवर त्याचा व्यास 11 फूट भरतो. म्हणजे दोन स्पीकरमध्ये 11 फूट सोडले तर कडा जेमतेम एकमेकींना भिडतील आणि मध्ये बसलेल्याला आवाज फिका येईल. सहा ते आठ फुटांवर ठेवले तर चालत गेलं तरी आवाज कुठे बुडत नाही. भिंतीपासून दोन-अडीच फूट आत. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर घुमतो.

या हिशेबात एक गोष्ट विसरायची नाही ती म्हणजे पंखा. आपल्याकडच्या नेहमीच्या पंख्याच्या पात्यांचा घेर 1200 मिलिमीटर, म्हणजे चार फूट. त्या घेराच्या वर स्पीकर आला की फिरती पाती आवाज कापत राहतात आणि गाण्याला एक विचित्र थरथर येते. तानपुऱ्याचा लांब सूर लावून पाहा, लगेच कळेल. इंटिरियरवाल्याच्या नकाशात पंखा, एसीचा पाइप, कोव्ह लाइट आणि स्पीकर हे बहुधा वेगवेगळ्या कागदांवर असतात. ते चारही एका कागदावर आणल्याशिवाय भोक पाडू देऊ नका. स्पीकरची खोलीही मोजा. बरेचसे चार इंचांच्या आसपास आत जातात. सहा इंचांच्या पोकळीत एसीचा ड्रेन पाइप किंवा बीम आडवा आला की हातात कापलेलं छत आणि न बसणारा स्पीकर उरतो.

बाथरूमला जोडी लागत नाही. एकाच गोलात दोन्ही बाजूंचा आवाज देणारा स्पीकर मिळतो, तो पुरतो. फक्त दमट हवेसाठी बनवलेला घ्या आणि वरच्या घराच्या बाथरूमचं पाणी झिरपलं तर ते कुठून येईल, त्याचा अंदाज घेऊन जागा ठरवा.

वॅटच्या आकड्यांना फार भुलू नये. साधारण सीलिंग स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 88 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. साडेपाच फुटांवर तो 83 उरतो. मागे मंद वाजणाऱ्या संगीताला 60-65 डेसिबल पुष्कळ झाले, म्हणजे रोजच्या वापरात एका वॅटचाही छोटासा अंश खर्च होतो. अचानक चढणाऱ्या सुरांसाठी राखीव ताकद लागते हे खरं, पण त्यासाठी चॅनेलमागे 50 वॅट भरपूर आहेत. 200 वॅट छापलेला खोका घेण्यापेक्षा ते पैसे तारेत घाला.

कारण पुढे बदलता येत नाही ती तारच. 8 ओहमच्या स्पीकरला 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची तार 16 मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे 2.5 घ्यावी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली तारही सर्रास मिळते. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. ब्लेडने एक धागा खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. ही तार लाइटच्या वायरिंगच्या पाइपातून न्यायची नाही. सोबत गेली तर घरघर येऊ शकते आणि ते सुरक्षितही नाही. दोन्ही कुठे ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. मिव्हान पद्धतीच्या नव्या टॉवरांत भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि त्या फोडू देत नाहीत. तिथे पुढे कधी वाट मिळेल या भरवशावर राहू नका, सगळी वाट छतातूनच.

स्पीकर बसवला की जाळी लावण्याआधी एक सोपी तपासणी करा. ॲम्प्लिफायरच्या टोकाला तारेला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. वर नजर ठेवणाऱ्याला पडदा खाली सरकताना दिसला पाहिजे. एखादा वर ओढला गेला तर त्याची तार उलटी जोडली आहे. जोडीतला एक उलटा असेल तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि मालक वर्षभर ‘स्पीकरच हलके निघाले’ म्हणत राहतो.

छताच्या वर शेजारी राहतात, हेही नियोजनातच धरायचं. स्पीकरचा आवाज जसा खाली येतो तसा मागच्या बाजूने स्लॅबकडेही जातो. मागे बंद डबा असलेले स्पीकर घेतले किंवा पोकळीत रॉकवूल भरलं तर फरक पडतो, पण खर्ज पूर्ण अडत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आहे. खासगी यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त चढता कामा नये. गॅलरीतल्या स्पीकरला हे थेट लागू होतं, म्हणून गॅलरीचा झोन वेगळाच हवा.

राहिला ऐकण्याचा प्रश्न. कुमार गंधर्वांची मैफल मन लावून ऐकायची असेल तर छत ही चुकीची जागा आहे. गाणारा समोर बसतो, डोक्यावर नाही. त्यासाठी हॉलमध्ये समोर दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर ठेवा. टीव्हीचे संवादही छतातून आले की चमत्कारिक वाटतात. डॉल्बी ॲटमॉसचे वरचे स्पीकर हे वेगळं प्रकरण. त्यांच्या जागा बसणाऱ्याच्या कोनावरून ठरतात, खोलीभर आवाज पसरवण्यावरून नव्हे. दोन्ही कामं एकाच गोलाकडून करून घेण्याचा आग्रह धरू नये.

आणि जिप्समचा पहिला बोर्ड चढण्याच्या आदल्या दिवशी साइटवर स्वतः जा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहिलेली पट्टी आहे का पाहा, भिंतीपासूनच्या अंतरावर टेप धरून उघड्या छताचे फोटो काढा आणि ते वायरमनच्या फोनमध्ये नाही, तुमच्या फोनमध्ये ठेवा.