घडीपत्रिकेची घडी कशी बसवावी?

महाविद्यालयात वर्षभर काही ना काही चालूच असते. परिसंवाद, चित्रप्रदर्शन, एकांकिका स्पर्धा, प्रवेशाची माहिती, असे निमित्त कोणतेही असो, त्याच्या आधी एक छापील कागद निघतोच. पूर्वी हे काम छापखान्यातील जुळाऱ्याकडे असे. हस्तलिखित त्याच्या हाती दिले की कोणता मजकूर कोठे बसेल आणि कागद कसा दुमडेल याची चिंता तो वाहत असे. आज विभागातील संगणकासमोर बसून आपल्यापैकीच कोणीतरी हे काम करतो. यंत्र आपल्या हाती आले, पण जुळाऱ्याच्या हातातील जाण यंत्राबरोबर आपोआप आलेली नाही. म्हणूनच तारीख घडीत गेलेली, मुखपृष्ठ आतल्या बाजूला पडलेले किंवा मागची बाजू उलटी छापलेली पत्रके आपण पाहतो. चुकलेली एक प्रत टाकून देता येते. पाचशे प्रती चुकल्या तर मात्र विभागाचा छपाईसाठी ठेवलेला पैसा त्यांच्याबरोबर जातो.

या लेखात साध्या वर्ड प्रोसेसरवर तीन पदरी घडीपत्रिका कशी मांडावी, ते पाहू. उदाहरणादाखल २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाची पत्रिका घेऊ.

आरंभ संगणकापासून करू नये, कोऱ्या कागदापासून करावा. ए-४ आकाराचा एक कागद आडवा धरा. उजवीकडचा तिसरा भाग आत मुडपा आणि त्यावर डावीकडचा भाग आणून टाका. समोर आले ते मुखपृष्ठ. त्यावर पेन्सिलीने 'मुखपृष्ठ' असे लिहा. पालथ्या बाजूवर 'मलपृष्ठ' लिहा. मुखपृष्ठ उघडले की उजव्या हाताला आत मुडपलेला पदर दिसतो, त्यावर 'मुडप' लिहा. तोही उघडला की आतील तीन पदर सलग दिसतात, त्यांना १, २, ३ असे आकडे द्या. आता कागद पूर्ण उलगडून बाहेरची बाजू पाहा. डावीकडून क्रम लागतो तो असा : मुडप, मलपृष्ठ, मुखपृष्ठ. वाचक जे सर्वांत आधी वाचतो ते कागदावर सर्वांत शेवटच्या रकान्यात असते! पडद्यावर कागद नेहमी सपाट दिसतो आणि वाचकाच्या हाती तो घडी होऊन जातो. या कामातील बहुतेक घोटाळे एवढ्या एका फरकातून निर्माण होतात. छापखान्यात अशा नमुन्याला 'डमी' म्हणतात. काम संपेपर्यंत ही डमी टेबलावरून हलवू नये.

मजकुराची वाटणी या डमीवरच करावी. मुखपृष्ठावर कार्यक्रमाचे नाव, दिनांक, वेळ आणि स्थळ, एवढे पुरे. मलपृष्ठावर संपर्क आणि येण्याचा मार्ग. आतील तीन पदरांवर कार्यक्रमपत्रिका व स्पर्धांचे नियम. मुडपाची जागा मात्र विचार करून भरावी लागते. मुखपृष्ठ उघडताच वाचकाला डावीकडे आतील पहिला पदर आणि उजवीकडे मुडप असे दोन्ही एकदम दिसतात, म्हणून ते एकमेकांशेजारी शोभले पाहिजेत. प्रमुख पाहुण्यांचा परिचय तेथे चांगला बसतो, कारण तो सुटा वाचला तरी चालतो. आतील तिन्ही पदरांवर पसरलेले एकच लांब शीर्षक पडद्यावर भारदस्त दिसते, पण पत्रिका अर्धी उघडली असता त्याचा पहिला तुकडाच वाचकापुढे येतो. ते टाळावे.

आता मापे पाहू. ए-४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. तिचे सरळ तीन भाग केले तर प्रत्येक पदर ९९ मिलिमीटरचा होतो. परंतु मुडप इतर दोन पदरांच्या पोटात जातो. तो त्यांच्याइतकाच रुंद असला तर घडीपाशी अडतो, कागद फुगतो आणि कड चुरगळते. म्हणून मुडप ९७ आणि बाकीचे दोन पदर प्रत्येकी १०० मिलिमीटर ठेवावेत. बाहेरच्या बाजूला मुडप डावीकडे असल्याने क्रम ९७, १००, १०० असा येतो. आतल्या बाजूला तोच पदर उजवीकडे जातो आणि क्रम १००, १००, ९७ असा होतो. म्हणजेच दोन्ही बाजूंची आखणी एक नसते.

रकान्यांमधील अंतराचा हिशोबही नीट समजून घेतला पाहिजे. कागदाच्या दोन्ही कडांना ८ मिलिमीटरचा समास सोडला, तर दोन रकान्यांमधील अंतर ८ नव्हे, १६ मिलिमीटर हवे. घडी या अंतराच्या मधोमध पडते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर राहिले तरच प्रत्येक पदराचे समास सारखे दिसतात. त्यानुसार बाहेरच्या बाजूचे रकाने ८१, ८४, ८४ आणि आतल्या बाजूचे ८४, ८४, ८१ मिलिमीटर येतात. समास, रकाने आणि अंतरे यांची बेरीज करून पाहा, २९७ भरते.

हे सारे संगणकाला कसे सांगायचे? लिबरऑफिसचा 'रायटर' विनामूल्य मिळतो. त्यात 'पेज स्टाईल' ही सोय आहे. बाहेरच्या व आतल्या बाजूसाठी दोन वेगळ्या पेज स्टाईल कराव्यात, दोन्हींत कागद आडवा ठेवावा, रकाने तीन घ्यावेत आणि 'ऑटो-विड्थ'वरची खूण काढून वरील मापे भरावीत. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हेच काम 'सेक्शन ब्रेक' घालून आणि समान रुंदीची खूण काढून होते. एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी एंटरची कळ दाबत बसू नये. पुढे एक ओळ वाढली की सगळा मजकूर सरकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की 'कॉलम ब्रेक' पडतो आणि प्रत्येक पदराचा मजकूर आपापल्या जागी राहतो.

देवनागरीसाठी थोडी अधिक काळजी हवी. आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे असतात. ओळींत अंतर कमी पडले की त्यांची टक्कर होते. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा मोहही आवरावा. 'महाविद्यालयाच्या' यासारखा लांब शब्द पुढच्या ओळीत गेला की मागे उरलेल्या दोन-तीन शब्दांत मोठी खिंडारे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी सोडलेली बरी. टंक युनिकोडचाच निवडावा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' विनामूल्य मिळतो. जुन्या पद्धतीच्या टंकात केलेली फाईल, तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली तर मराठीऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात देताना मूळ फाईल न देता तिची पीडीएफ द्यावी, म्हणजे टंक सहसा तिच्यातच बरोबर जातो.

छापताना दोन गोष्टी पाहाव्यात. 'फिट टू पेज' न ठेवता शंभर टक्के आकार ठेवावा, नाहीतर मजकूर आकसतो आणि घड्यांच्या जागा चुकतात. दोन्ही बाजू एकदम छापायच्या असतील तर कागद आडवा असल्याने 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' निवडावे, म्हणजे मागची बाजू उलटी येत नाही. हाताने कागद पालटायचा असेल तर कोपऱ्यात पेन्सिलीची खूण करून आधी एकच प्रत काढावी. कागद जाड असेल तर घडीवर तो तडकतो, म्हणून दुकानदाराकडून आधी क्रीजिंग करून घ्यावे.

तीन पदरांत मजकूर मावत नसेल तर ए-४ कागद मधोमध दुमडून पुस्तिका करता येते. तिची पाने चारच्या पटीत असावी लागतात. आठ पानी पुस्तिकेत ८ आणि १, २ आणि ७, ६ आणि ३, ४ आणि ५ ही पाने शेजारी येतात. प्रत्येक जोडीची बेरीज ९ होते, हा पडताळा लक्षात ठेवावा. रायटरमध्ये छपाईच्या वेळी 'ब्रोशर' आणि वर्डमध्ये 'बुक फोल्ड' निवडले की ही जुळणी यंत्रच करते. छापखान्यातला फर्मा याच हिशोबाने लावतात.

शेवटची परीक्षा यंत्राची नाही, वाचकाची आहे. छापलेली पहिली प्रत घडी घालून, कार्यक्रमाची काहीच कल्पना नसलेल्या मित्राच्या हाती द्यावी आणि आपण गप्प राहावे. कधी, कोठे, किती वाजता आणि कोणाला विचारायचे, ही उत्तरे त्याला एकही प्रश्न न विचारता सापडली, तर घडी नीट बसली असे समजावे. तो कागद उलटसुलट करीत राहिला, तर उरलेल्या चारशे नव्व्याण्णव प्रती छापण्याआधी पुन्हा डमीकडे वळावे.